हिरडा हातात धरलेला बुद्ध

तिबेटी औषधांबद्दल लिहीन, लिहीन असं मी इतक्या वेळा म्हटलंय की आता घरात कुणी विचारतही नाही. परवा भाचीनं विचारलं, "आत्या, लामा म्हणजे डॉक्टर असतात की भटजी?" तिला शाळेच्या कुठल्याशा प्रोजेक्टसाठी हवं होतं. मी सांगायला लागले, आणि अर्ध्या तासानं ती म्हणाली, "अगं, मला दोनच ओळी हव्या होत्या." त्या दोन ओळी तिला मिळाल्या. उरलेलं सगळं इथे. आपल्या नातेवाइकांपैकी ज्यांनी २००४ साली या विषयावर कडाकडा भांडणं केली होती, त्यांनी जरा सावकाश वाचावं. :)

तर आधी तो प्रश्न. लामा म्हणजे गुरू. प्रत्येक लामा डॉक्टर नसतो आणि प्रत्येक तिबेटी डॉक्टर लामाही नसतो. लडाखमध्ये गावच्या वैद्याला 'आमची' म्हणतात, तो बहुतेक वेळा बायकामुलं, शेत, याक असलेला चारचौघांसारखा माणूस असतो आणि विद्या बापाकडून मुलाकडे येते. मुलीकडेही येते. लोबसांग डोल्मा खांगकर या बाईंकडे ती अशीच घरातून आली, आणि पुढे धरमशालेच्या संस्थेत मुख्य डॉक्टर होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण तिबेटात शिकायचं म्हणजे बहुतेक मठातच, त्यामुळे मोठी वैद्यकशाळाही मठासारखीच निघाली. ल्हासाला चाकपोरी नावाच्या टेकडीवर १६९६ साली ती सुरू झाली. तिथे भिक्षूच शिकत आणि भिक्षूच शिकवत. १९१६ साली तेराव्या दलाई लामांनी शहरात दुसरी संस्था काढली, मेन-त्सी-खांग. मेन म्हणजे औषध, त्सी म्हणजे गणित-ज्योतिष, खांग म्हणजे घर. आपल्याकडे एकेकाळी वैद्यबुवाच पंचांग बघून औषधाचा मुहूर्त सांगायचे, त्यातलाच प्रकार.

१९५९ साली ल्हासात उठाव झाला आणि चाकपोरी तोफांच्या माऱ्यात जमीनदोस्त झाली. जे डॉक्टर जिवंत निसटले त्यांतला एक तरुण भिक्षू म्हणजे येशी धोंडेन. (धोंडेन. मावशी शेवटपर्यंत त्यांना 'धोंडेबुवा' म्हणत असे आणि ते कोकणातले असल्यासारखं आम्हाला वाटायचं.) जन्म १९२७चा, लहानपणीच मठात दाखल, मग ल्हासाला वैद्यकाचं शिक्षण. तिबेटी वैद्यकाचा मुख्य ग्रंथ ग्युशी, म्हणजे चार तंत्रं. त्यात १५६ अध्याय आणि ५९०० श्लोक आहेत, आणि विद्यार्थ्यांनी ते पाठ करायचे असतात. १९६१ साली धरमशालेत मेन-त्सी-खांग नव्यानं उभी राहिली ती या येशी धोंडेन यांच्या हाताखाली. संस्था म्हणजे काय, तर थोडे विद्यार्थी आणि डोक्यात पाठ असलेला ग्रंथ. ते दलाई लामांचे वैद्य होते, पुढे मॅक्लोडगंजला त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला, २०१८ साली पद्मश्री मिळाली आणि २०१९च्या नोव्हेंबरात ते गेले. रिचर्ड सेल्झर नावाच्या अमेरिकन सर्जननं त्यांच्याबद्दल लिहिलंय. हे अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात आले, एका बाईची नाडी अर्धा तास बघत बसले, लघवी काडीनं घुसळून वास घेतला, आणि तिला काय झालंय ते कुणी न सांगता हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या जन्मजात छिद्राकडे बोट दाखवलं. हे लिहिणारा माणूस भाबडा नव्हता, रोज माणसं कापणारा होता, म्हणून मला ते लक्षात राहिलं.

दुसरे तेन्झिन चोद्राक. यांच्याबद्दल मला जास्त वाटतं. तेही भिक्षू, तेही दलाई लामांचे वैद्य, पण १९५९ साली ते निसटले नाहीत. सुमारे वीस वर्षं चिनी तुरुंगांत आणि छावण्यांत काढून ते भारतात आले, आणि पुन्हा नाडी बघायला बसले. २००१ साली वारले. वीस वर्षं उपाशी ठेवलेल्या माणसाला कुणी "जरा पोटात दुखतंय हो" असं सांगितलं तर त्याला काय वाटत असेल, हा विचार माझ्या डोक्यात बरेचदा येतो.

आणि खरोखरच लामा आणि डॉक्टर असे दोन्ही असलेले म्हणजे त्रोगावा रिन्पोचे. त्यांनी १९९२ साली दार्जिलिंगला चाकपोरीचं नाव पुन्हा लावून वैद्यकशाळा सुरू केली.

आता यात आपला, म्हणजे मराठी माणसाचा, काय संबंध? मलाही आधी वाटलं होतं की काही नाही. तिबेटी वैद्यकात शरीराचे तीन दोष आहेत. लुंग, ट्रिपा, बेकेन. म्हणजे वात, पित्त, कफ. हे योगायोगानं सारखं नाहीये. वाग्भटाचा अष्टांगहृदय हा ग्रंथ अकराव्या शतकात रिन्चेन झांगपो या भाषांतरकार भिक्षूनं तिबेटीत नेला आणि ग्युशीत त्यातलं पुष्कळ काही उतरलेलं आहे. आणि याच अष्टांगहृदयावर पुढे तेराव्या शतकात आपल्या देवगिरीच्या यादवांच्या प्रधानानं, हेमाद्रीनं, आयुर्वेदरसायन नावाची टीका लिहिली. होय, तोच हेमाडपंत! देवळांचा आणि मोडीचा म्हणून आपण शाळेत घोकलेला. मुंबईत १८८० साली अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी अष्टांगहृदय संपादून छापलं, आणि १९३९च्या निर्णयसागरच्या आवृत्तीत हेमाद्रीची टीकाही आहे. म्हणजे तिकडे बर्फातला भिक्षू आणि इकडे दौलताबादचा प्रधान एकाच पुस्तकावर डोकं खाजवत होते.

त्या ग्रंथाच्या पहिल्याच नमनात रागादी रोग समूळ नाहीसे करणाऱ्या एका अपूर्व वैद्याला वंदन केलंय. (राग म्हणजे इथे आसक्ती. आपला चिडण्याचा राग नव्हे, तो वेगळा.) हा वैद्य म्हणजे बुद्धच, असं बरेच अभ्यासक मानतात. तिबेट्यांनी ते अगदी शब्दशः घेतलं. त्यांच्या मते आसक्तीतून वात बिघडतो, द्वेषातून पित्त आणि मोहातून कफ, आणि तिन्हीच्या मुळाशी अज्ञान. एकदा हे मानलं की डॉक्टर आणि लामा यांच्यात भिंत उरत नाही, कारण औषध हे फांद्या छाटण्याचं काम आणि मुळाचं काम वेगळंच.

त्यांचा औषधबुद्ध निळ्या रंगाचा असतो. डाव्या हातात भिक्षापात्र आणि उजव्या हातात एक डहाळी. ती डहाळी कसली असेल? हिरड्याची! तिबेटीत अरुरा, औषधांचा राजा. तिबेटच्या पठारावर हिरडा उगवत नाही, तो सगळा खालून, हिंदुस्थानातून जायचा. आपल्याकडे जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत बाळहिरडा वेचून पोट भरणारी आदिवासी घरं आहेत आणि भाव पडला की आंदोलनं करतात. आपल्या आजीनं तान्ह्या बाळांना सहाणेवर उगाळून चाटवलेला हिरडा तिकडे देवाच्या हातात गेलाय, याचं मला फार बरं वाटलं.

असो. आता २००४.

मावशी चारकोपला सेक्टर तीनमध्ये राहायची. ज्यांना चारकोप माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ऐंशीच्या दशकात म्हाडानं वर्ल्ड बँकेच्या पैशातून ही वस्ती आखली. मधे चौक, भोवती तीस-पस्तीस छोटी घरं, अशी एकेक सोसायटी. त्यामुळे कुणाच्याही घरातला आजार हा चौकाचा आजार असतो. मावशीला स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा चौकातल्या प्रत्येकाकडे एकेक उपाय होता. गोमूत्र, गव्हांकुराचा रस, विरारचे कुणी बाबा. समोरच्या घरातल्या गुजराथी काकींनी सांगितलं, धरमशालेला लामा डॉक्टर आहेत, माझ्या जावेच्या भावाला गुण आला. ऑपरेशन झालं होतं, परळला केमो चालू होती. दोन केमोंच्या मधे जाऊन यायचं ठरलं. काका, मावशी आणि सोबतीला मी, कारण तेव्हा मला नोकरी नव्हती.

आईचा या सगळ्याला विरोध होता. आई आणि मावशी सख्ख्या बहिणी, पण आई नर्स. तिचं म्हणणं सरळ होतं. प्रवासात इन्फेक्शन झालं तर? पांढऱ्या पेशी किती आहेत माहितीय का? काकांचं म्हणणंही सरळ होतं. "ताई, तिला जायचंय." या दोन वाक्यांपलीकडे ते भांडण तीन वर्षांत गेलं नाही.

बोरिवलीला जम्मूची गाडी धरली, पठाणकोटला उतरलो, तिथून बसनं वर. मी नाव घेत नाही, पण ज्यांच्याकडे गेलो ते वयस्क भिक्षू-डॉक्टर होते, धोंडेन नव्हेत. धोंडेन यांचं टोकन मिळणं म्हणजे लालबागच्या राजाची रांग. आदल्या दिवशी सांगण्यात आलं की रात्री कडक चहा नको, सकाळची पहिली लघवी बाटलीत घेऊन या. मावशी ती बाटली पदराखाली, शालीखाली आणि वर माझी ओढणी अशी झाकून घेऊन चालली होती आणि रस्त्यावर येणारा प्रत्येक माणूस तेवढीच तशी बाटली हातात उघडी घेऊन चालला होता. तिथे आम्ही तिघं जे हसलो ते महिन्याभरात पहिल्यांदा.

डॉक्टरांनी बाटलीतलं वाटीत ओतलं, बारीक काडीनं घुसळलं, बुडबुडे किती मोठे, किती वेळ टिकतात, वाफ, रंग, तळाशी काय, हे बघितलं. मग नाडी. तीन बोटं. पहिलं बोट नुसतं कातडीवर, मधलं मांसापर्यंत दाबून, तिसरं हाडापर्यंत, आणि प्रत्येक बोटाच्या दोन कडांना वेगवेगळे अवयव. बाईचा आधी उजवा हात, पुरुषाचा डावा. हे मी नंतर वाचलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की एक म्हातारा माणूस डोळे अर्धवट मिटून मावशीचा हात धरून बसलाय आणि बाहेर सत्तर माणसं उभी असून त्याला कसलीही घाई नाहीये.

दुभाषी म्हणून एक कॉलेजातली तिबेटी मुलगी होती, हिंदी फर्मास. प्रश्न असे. झोप लागते का? पहाटे जाग येते का? गार पाणी पिता का? रडू येतं का? शेवटच्या प्रश्नाला मावशी म्हणाली, "नाही." मग थोड्या वेळानं म्हणाली, "बाथरूममध्ये." मुलीनं ते भाषांतर केलं. डॉक्टरांनी नुसती मान हलवली आणि वात फार वाढलाय म्हणून पथ्य सांगितलं. गरम पाणी, शिळं नको, रात्री दही नको, आणि हाडांचं सूप प्या. मावशीच्या गळ्यात तुळशीची माळ! तिचा चेहरा बघून ती मुलगी घाबरली. बरीच वाटाघाट होऊन लसूण घातलेलं कढत वरण आणि त्यावर तूप असा तह झाला.

आणि एक गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली. मुंबईचे इलाज सोडू नका. काकांनी विचारलं, गाठ जाईल का? ते म्हणाले, वेदना आणि झोप यांचं बघू. त्यांनी याहून जास्त काही कबूल केलं नाही, हे मी मुद्दाम लिहितेय. कारण परत येताना गाडीत एक गृहस्थ भेटले, ते शंभर टक्के बरं होण्याच्या गोष्टी इतक्या आत्मविश्वासानं सांगत होते की त्यांनाच टोकनं वाटायला बसवायला हवं होतं. अशा माणसांचा मला खरा राग येतो. हा मराठीतला राग.

गोळ्या म्हणजे मातकट, गोल, चण्याएवढ्या, दातांनी फोडून गरम पाण्याबरोबर घ्यायच्या. चव अशी की बाजूला बसलेल्याचंही तोंड वाकडं होईल. शिवाय दोन 'मौल्यवान गोळ्या' दिल्या, रेशमी कापडात गुंडाळून रंगीत दोऱ्यानं बांधलेल्या. त्या आदल्या रात्री अंधारात फोडायच्या, गरम पाण्यात भिजत झाकून ठेवायच्या, पहाटे घ्यायच्या आणि पांघरूण घेऊन पडून राहायचं.

यावर आईनं पहिला प्रश्न विचारला तो बरोबर होता. यात आहे काय? या गोळ्यांपैकी काहींमध्ये सोनं, चांदी, मोती यांच्यासोबत शुद्ध केलेला पारा असतो, त्याला त्सोथेल म्हणतात. आपल्या रसशास्त्रात पारद शोधतात तशीच ही फार लांबलचक, कष्टाची कृती. तिबेटी डॉक्टर म्हणतात की एवढ्या संस्कारानंतर विष राहत नाही. पण शोधला तरी पारा तो पाराच, आणि केमोनं यकृत आधीच टेकीला आलेल्या बाईनं तो घ्यावा का? त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, बॉस्टनच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आईनं ते कात्रण चारकोपला नेऊन मावशीच्या फ्रीजवर चिकटवलं. परळच्या डॉक्टरांनीही केमो चालू असेपर्यंत बाकी सगळं बंद ठेवायला सांगितलं, आणि मावशीनं ते ऐकलं. मातकट गोळ्या केमो संपल्यावर सुरू केल्या.

दोन वर्षं बरी गेली. ती केमोमुळे गेली असं माझं मत आहे, आणि मी ते काकांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. २००६ साली दुखणं उलटलं, यकृतात. पुन्हा केमो सुचवली गेली. त्यानं किती दिवस वाढतील असं मावशीनं स्वतः विचारलं, उत्तर महिन्यांत आलं, आणि ती नाही म्हणाली. त्या दिवसापासून दुखण्यावर परळचं मॉर्फिन आणि सकाळी दोन मातकट गोळ्या. आई काकांशी बोलायची बंद झाली. तिला वाटत होतं, लामानं हिला औषध सोडायला लावलं. वास्तविक त्यांनी नेमकं उलटं सांगितलं होतं, आणि तेव्हा मी शेजारी बसलेली होते. हे मी आईला सांगितलं. तिला ते पटायला मावशी जावी लागली, २००७ च्या श्रावणात.

गोळ्यांनी गाठ कमी झाली का? नाही. स्कॅन माझ्याकडे आहेत. झोप लागायची का? लागायची. आता ती गोळ्यांनी, की मॉर्फिननं, की कढत वरणानं, की बाथरूममधलं रडणं कुणीतरी विचारल्यानं, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही, आणि मला त्याची गरजही वाटत नाही. आमच्याकडच्या कुठल्याही डॉक्टरला सत्तर माणसांच्या रांगेत इतका वेळ हात धरून बसणं शक्य नाही, हा त्यांचा दोष नव्हे. पण मावशीनं केमोला नकार देताना जो शांतपणा दाखवला तो मॅक्लोडगंजहून आलेला होता असं मला वाटतं. आईला तसं वाटत नाही. ती म्हणते, ती लहानपणापासूनच हट्टी होती.

नंतर एकदा डिसेंबरात कांदिवली स्टेशनजवळ स्वेटर विकणाऱ्या तिबेटी बाईंशी गप्पा झाल्या. मी हिंदीत सुरुवात केली, त्या मराठीत बोलल्या, आणि तीही कशी, झाडीपट्टीतली! गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे, १९७२ पासूनची, तिथल्या त्या. उन्हाळ्या-पावसाळ्यात धानाची शेती, थंडीत स्वेटर. मी त्यांना विचारलं, तुम्ही आजारी पडलात की कुणाकडे जाता? म्हणाल्या, ताप आला तर सरकारी दवाखान्यात, गुडघे आणि पोटाला आमच्या डॉक्टरकडे. "दोन्ही लागते जी." आमच्या घरात तीन वर्षं चाललेल्या भांडणाचा निकाल त्यांनी स्वेटरची घडी घालता घालता लावला, आणि स्वेटरचे पन्नास रुपये काही कमी केले नाहीत.

२०१० साली संसदेनं कायदा दुरुस्त करून या पद्धतीला, सोवा-रिग्पा या नावानं, आयुर्वेद-युनानीच्या पंगतीत मान्यता दिली. पुढे लेहला राष्ट्रीय संस्थाही मंजूर झाली. मान्यता मिळाली ते चांगलंच, आता पदवी, परीक्षा, तपासणी येईल. गोळीत काय आहे ते वेष्टनावर छापून येईल तर आईचाही अर्धा विरोध मावळेल.

राहता राहिली ती दुसरी रेशमी गोळी. एक मावशीनं केमो संपल्यावर एका पौर्णिमेला घेतली, दुसरी काकांच्या कपाटात तशीच आहे, लाल कापडात, दोऱ्यासकट. या गणपतीत काका म्हणाले, विसर्जनाला गोराईच्या खाडीत सोडूया. मी म्हटलं, काका, पारा असला तर खाडीत नाही टाकायचा. मग कचऱ्यात? तिथेही नाही. आई शेजारीच बसली होती, ती म्हणाली, "राहू दे मग कपाटातच." काकांनी गोळी परत चष्म्याच्या डबीत ठेवली आणि आईला विचारलं, मोदक अजून एक घेणार का.